पाच मिनिटांचा परदेश

सिंगापूरच्या उत्तर टोकाला वूडलँड्स नावाचं एक छोटं रेल्वे स्टेशन आहे. इथून सुटणारी गाडी एकाच ठिकाणी जाते, समुद्राच्या चिंचोळ्या पट्टीपलीकडच्या जोहोर बारूला. जोहोर बारू म्हणजे मलेशिया. दुसरा देश, दुसरं चलन, दुसरा कायदा. आणि प्रवासाला लागणारा वेळ? पाच मिनिटं! खिडकीजवळची जागा पकडून पिशवी मांडीवर नीट ठेवेपर्यंत माणूस परदेशात पोचलेला असतो.

या गाडीचं नाव शटल तेब्राऊ. १ जुलै २०१५ पासून ती धावते आहे. कामाधंद्यासाठी रोज सीमा ओलांडणारे मलेशियन तिच्यात असतातच. पण शनिवार-रविवारी वूडलँड्सहून निघणारे डबे बघा. रिकाम्या ट्रॉली बॅगा, घडी करून आणलेल्या कापडी पिशव्या, आजी-आजोबा, कडेवरची मुलं. सगळे निघालेत बाजारहाटाला. महिन्याचं वाणसामान, डायपर, कपडे धुण्याची पावडर, चष्मा, केस कापणं, दातांच्या डॉक्टरची भेट आणि मधे पोटभर जेवण. सुट्टीच्या तोंडावर तिकिटं आधीच संपून जातात. सिंगापुरात नोकरीला असलेला एखादा मराठी भाचा किंवा पुतण्या तुमच्या नात्यात असेल, तर त्याला विचारा. ‘जेबी’ हे जोहोर बारूचं लाडकं नाव तो लगेच ओळखेल.

हातातल्या तिकिटाकडे जरा निरखून पाहा, कारण सगळी जादू त्यातच भरली आहे. सिंगापूरहून जोहोर बारूला जायला भाडं पाच सिंगापूर डॉलर ठेवलं गेलं. उलट दिशेने, त्याच रुळांवरून, तेवढ्याच अंतराला भाडं पाच रिंगिट. आकडा तोच! पण एका सिंगापूर डॉलरला तीनाहून जास्त रिंगिट मिळतात. म्हणजे तीच गाडी एका दिशेला दुसऱ्या दिशेच्या तिप्पट महाग. सगळी गर्दी ज्या दरफरकामुळे होते, तो दरफरक तिकिटावरच छापलेला आहे!

आणि या दोन आकड्यांची किंमत एके काळी खरोखरच सारखी होती. १९६५ मध्ये सिंगापूर मलेशियातून वेगळं झालं. १९६७ मध्ये दोघांनी आपापलं चलन काढलं, तरी एकाची नोट दुसऱ्याच्या दुकानात बरोबरीच्या किमतीने चालायची. ही सोय मे १९७३ मध्ये संपली. (ब्रुनेईने मात्र सिंगापूरशी तसाच करार आजतागायत टिकवला आहे. आजही ब्रुनेईचा डॉलर सिंगापुरात एकास एक चालतो.) दोन्ही चलनं मोकळी सुटली आणि पन्नास वर्षांत त्यांच्यात इतकं अंतर पडलं, की एक किलोमीटरभर समुद्र ओलांडला की खिशातल्या पैशाचं वजन तिप्पट होतं. वस्तूंच्या किमती काही तिप्पट होत नाहीत. मग माणसं जाणार नाहीत तर काय!

ही ओढ किती जबरदस्त आहे याचा पुरावा सिंगापूरच्या कायद्यातच आहे. सिंगापूरची मोटार घेऊन रस्त्याने देशाबाहेर जायचं, तर पेट्रोलची टाकी किमान पाऊण भरलेली हवी! १९८९ मध्ये नियम अर्ध्या टाकीचा होता, १९९१ मध्ये तो पाऊण टाकीचा झाला. कारण उघड आहे. पलीकडे पेट्रोल इतकं स्वस्त, की लोक टाकीचा तळ दिसेपर्यंत गाडी चालवत न्यायचे आणि काठोकाठ भरून परतायचे. देशाबाहेर जाताना पेट्रोलचा काटा तपासणारं दुसरं सरकार तुम्ही ऐकलंय का?

रस्त्याने जायचं तर कॉजवे आहे, समुद्रात दगडांचा भराव टाकून बांधलेला सुमारे एक किलोमीटरचा बांध. १९२३ मध्ये त्यावरून पहिल्या आगगाड्या गेल्या, १९२४ मध्ये त्याचं रीतसर उद्घाटन झालं. आज ही जगातल्या सर्वांत गजबजलेल्या सीमांपैकी एक गणली जाते. दिवसाला तीन लाखांहून जास्त माणसं ती ओलांडतात. सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग तासन्‌तास हलत नाही. आणि त्या रांगेच्या अगदी शेजारून, मीटरगेज रुळांवरून, आपली शटल पाच मिनिटांत निघून जाते.

आता खरा प्रश्न. पाच मिनिटांच्या प्रवासात दोन देशांची पासपोर्ट तपासणी बसते कुठे?

उत्तर असं, की ती प्रवासात बसतच नाही, ती प्रवासाआधीच उरकते. वूडलँड्सला आधी सिंगापूरच्या खिडकीवर तुम्ही देश सोडता. चार पावलं पुढे गेलात की मलेशियाचे अधिकारी बसलेले. गणवेश मलेशियाचा, शिक्का मलेशियाचा, पायाखालची जमीन मात्र सिंगापूरची! तिथे तुमचा मलेशियात प्रवेश होतो आणि मग तुम्ही गाडीत बसता. पलीकडे उतरल्यावर पासपोर्ट कोणी मागत नाही. जिने चढायचे, पादचारी पूल ओलांडायचा आणि थेट सिटी स्क्वेअर मॉलमध्ये. डबा ते दुकान, मधे सरकार नाहीच.

ही शहाणी व्यवस्था येण्याआधी मात्र इथे जे चालत होतं, ते ऐकून थक्क व्हाल. ब्रिटिशांच्या काळात, १९१८ मध्ये, सिंगापूरमधली रेल्वेची जमीन मलायाच्या रेल्वेकडे सोपवली गेली. १९६५ मध्ये देश वेगळे झाले, पण जमीन मलेशियन रेल्वेकडेच राहिली. म्हणजे सिंगापूरच्या पोटातून, वूडलँड्सपासून पार दक्षिणेच्या तांजोंग पागार स्टेशनपर्यंत, चोवीसेक किलोमीटरची एक पट्टी दुसऱ्या देशाच्या रेल्वेच्या मालकीची! स्टेशन मलेशियन, फाटकं मलेशियन, सिग्नल मलेशियन.

१ ऑगस्ट १९९८ ला सिंगापूरने आपली पासपोर्ट तपासणी तांजोंग पागारहून उचलून सीमेजवळ, वूडलँड्सला नेली. मलेशियाने हलायला नकार दिला. झालं काय? उत्तरेला निघालेला प्रवासी तांजोंग पागारला आधी मलेशियात ‘प्रवेश’ करायचा, मग अर्धा तास सिंगापूरमधूनच प्रवास करून वूडलँड्सला पोचायचा आणि तिथे सिंगापूर ‘सोडायचा’. गृहप्रवेश आधी, पाठवणी नंतर! सिंगापूर सोडल्याचा शिक्का नसलेल्या पासपोर्टवर मलेशियात आल्याचा शिक्का मारायचा तरी कसा? म्हणून पासपोर्टवर तो मारलाच जात नसे. मग त्या अर्ध्या तासात प्रवासी नेमका कुठल्या देशात होता? कायदेपंडितांना झोप उडवणारा हा प्रश्न, आणि हजारो माणसं तो डब्यात बसून बिनघोर जगत होती. एकदोन महिने नव्हे, जवळजवळ तेरा वर्षं!

गुंता सुटला तो २०१० मध्ये. सिंगापूरचे पंतप्रधान ली सिएन लुंग आणि मलेशियाचे नजीब रझाक यांनी जमिनींची अदलाबदल ठरवली. रेल्वे वूडलँड्सपर्यंत मागे घ्यायची, मोकळी जमीन सिंगापूरला, त्याबदल्यात शहरातले मोक्याचे भूखंड दोघांच्या भागीदारीतल्या कंपनीला. ३० जून २०११ च्या रात्री तांजोंग पागारहून शेवटची गाडी सुटली. इंजिनात चालकाच्या जागी कोण होतं? खुद्द जोहोरचे सुलतान इब्राहिम! कॉजवे उघडला तेव्हा जोहोरच्या गादीवर त्यांचेच पणजोबा होते. पणजोबांच्या राज्यात सुरू झालेली वाट बंद करायला पणतू स्वतः इंजिनात चढला, अशी गोष्ट कुणी रचून सांगितली असती तर आपण विश्वास ठेवला नसता.

परतीच्या प्रवासात बॅगा फुगलेल्या असतात आणि इथे सिंगापूरची बारकाई दिसते. मलेशियातून निघण्याचा सोपस्कार जोहोर बारूलाच उरकतो, सिंगापूरचा वूडलँड्सला. अठ्ठेचाळीस तासांच्या आत परतलात तर शंभर डॉलरपर्यंतच्याच मालावर करमाफी. मलेशियातून आणलेल्या दारूवर सूट नाही, सिगारेटच्या एका पाकिटावरही नाही आणि च्युइंग गमला तर १९९२ पासून देशाचे दरवाजे बंद. अंडी मात्र चालतात, माणशी तीस! एवढ्या चकचकीत देशाच्या नियमपुस्तकात अंड्यांचा आकडा सापडावा, हे मला फार आवडतं. कुणीतरी अधिकाऱ्याने बाजारातून येणाऱ्या गृहिणीची पिशवी नजरेसमोर आणून तो नियम लिहिला असणार.

शटलच्या दिवसाला तीसेक फेऱ्या होतात, एका फेरीत तीनशेच्या आसपास माणसं. दोन्ही दिशा धरून दिवसभरात नऊ-दहा हजार. हे मागणीच्या मानाने इतकं अपुरं, की शेजारी आता नवी मेट्रो उभी राहते आहे, आरटीएस लिंक. चार किलोमीटर लांबी, समुद्रावर पंचवीस मीटर उंच पूल. ११ जानेवारी २०२४ ला त्या पुलाचे दोन्ही देशांतून आलेले भाग जुळल्याचा सोहळा दोन पंतप्रधानांनी पुलाच्या मधोमध उभं राहून साजरा केला. २०२६ च्या अखेरीपर्यंत ती सुरू करायचं ठरलं आहे. तिची क्षमता ऐका: तासाला, एका दिशेने, दहा हजार प्रवासी. शटल दिवसभरात जेवढी माणसं वाहते तेवढी ही एका तासात नेणार, तीही एकाच बाजूने! गर्दीच्या वेळी साडेतीन-पावणेचार मिनिटांना एक गाडी. आणि इथे दोन्ही देशांची तपासणी दोन्ही दिशांना, गाडीत बसण्याआधीच.

ती सुरू झाली की सहा महिन्यांच्या आत शटल बंद करायची, असंही ठरलंय. सिंगापूरचे दुकानदार आत्तापासून हिशेब मांडत बसलेत, की आपलं गिऱ्हाईक कितपत तिकडे जाईल. पलीकडच्या जोहोर बारूत मेट्रो स्टेशनाच्या आसपास बांधकामांच्या क्रेन उभ्या आहेत.