झाडावर चढतो आपला, गिऱ्हाईक मात्र ठेकेदाराचे

पावसाळा जवळ आला की मुंबईतल्या सोसायट्यांची झाडे छाटायला आपल्या वस्त्यांतली पोरे चढतात. दोर आपला, कोयता आपला, जीवही आपला. पण सेक्रेटरी ओळखतो ठेकेदाराला. कारण कागद त्याच्याकडे असतो.

धोकादायक फांद्या छाटून घ्या, अशा नोटिसा महापालिका सोसायट्यांना पावसाळ्यापूर्वी देते. १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्यामुळे परवानगीशिवाय कोयता लावता येत नाही. सेक्रेटरीला हीच डोकेदुखी नको असते. दहावी झालेल्या पोराला हा अर्ज जमणार नाही असे नाही; कुणी सांगितलेलेच नसते.

म्हणून मार्चमध्येच सेक्रेटरीला गाठा. जयंतीनंतर बघू म्हणणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. झाडे मोजा, कोणती फांदी छपरावर, कोणती तारेवर ते लिहा, फोटो जोडा. अर्जावर सही सोसायटीची, वॉर्डातल्या उद्यान खात्यातल्या खेपा तुमच्या. भाव लेखी द्या. छाटलेल्या फांद्या कोण उचलणार तेही लिहा, भांडणे तिथेच होतात. पट्टा-हेल्मेटशिवाय, वीज बंद केल्याशिवाय चढू नका.

काम झाल्यावर वॉचमनकडे नंबर ठेवा. शेजारच्या सोसायटीचा निरोप बहुधा त्याच्याकडूनच येतो. पावतीपुस्तक मात्र स्वतःच्या नावाचे छापा.