दर्जा शेतकऱ्याच्या माथी, भाव दुसऱ्याच्या हाती

2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं आयातशुल्क 50 टक्क्यांवर नेलं आणि आंध्रातल्या भीमावरम पट्ट्यात कोळंबीचे दर घसरले. शुल्क भरणार तिथला आयातदार; कात्री मात्र सर्वांत आधी लागली ती गोदावरीकाठच्या एकर-दोन एकरांच्या तळ्याला. ज्या शेतकऱ्याला आपण वीस वर्षं ‘आंतरराष्ट्रीय दर्जा’ शिकवत आलो, त्याला अडचणीच्या वेळी कोणी विचारलं नाही. याचा मला संताप आहे, आणि म्हणूनच हे मागचं सगळं पुन्हा सांगावंसं वाटतं.

सुरुवातीची वर्षं भराभर ओलांडू. 1994 मध्ये पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू आला आणि पूर्व किनाऱ्यावरची तळीच्या तळी बसली. 1996 च्या डिसेंबरात एस. जगन्नाथन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने किनाऱ्यावरच्या बेबंद कोळंबीशेतीला लगाम घातला. 1997 मध्ये युरोपने अस्वच्छतेवर बोट ठेवून भारतीय मासळी काही काळ रोखली. त्यानंतर कारखान्यांत फरशा बदलल्या, हातमोजे आले, ‘हॅसेप’ या अन्नसुरक्षा पद्धतीच्या फाइली उभ्या राहिल्या. पण दर्जाची ही चर्चा कारखान्याच्या फाटकाबाहेर पडली नाही.

2000 नंतरचं दशक मी तळोज्याच्या एका प्रक्रिया कारखान्यात, गुणवत्ता विभागात काढलं. माल दलालामार्फत यायचा. दहा-बारा तळ्यांची कोळंबी एकाच बर्फात, काउंटप्रमाणे, म्हणजे किलोमागे किती नग बसतात त्यानुसार, वेगळी केलेली. कोणती कोणाची, हे दलालालाही सांगता येत नसे. त्याच सुमारास युरोपने नायट्रोफ्युरान आणि क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकांचे अंश शोधायला सुरुवात केली. अब्ज भागांत एक भाग सापडला तरी अख्खा कंटेनर परत. एका शेतकऱ्याने लेबल नसलेली पुडी ‘टॉनिक’ म्हणून तळ्यात टाकलेली असायची आणि भुर्दंड सगळ्यांना. आमच्या कारखान्याने त्यावर काढलेला तोडगा मला आजही सलतो: धोका गृहीत धरून सरसकट सगळ्यांचाच भाव कापायचा. चोख काम करणाऱ्याला चोख राहण्याचं कारणच उरू दिलं नाही.

खरं उत्तर पश्चिम गोदावरी जिल्ह्यातल्या मोगलतुरू गावात सापडलं. ‘एम्पेडा’ हे केंद्राचं सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरण आणि बँकॉकची ‘नाका’ ही आशियाई मत्स्यसंवर्धन संस्था यांनी 2000 मध्ये रोगनियंत्रणाचा प्रकल्प हाती घेतला आणि 2002 पासून या गावात मूठभर शेतकऱ्यांना घेऊन काम सुरू झालं. त्यात महागडं असं काही नव्हतं. तळं वाळवायचं, तळाचा काळा गाळ काढायचा, पाणी बारीक जाळीतून गाळून घ्यायचं. गावाने मिळून एकाच हॅचरीकडून विषाणूसाठी पीसीआर चाचणी केलेलं बीज आणायचं आणि सगळ्यांनी एकाच आठवड्यात सोडायचं. ज्याच्या तळ्यात रोग शिरला त्याने ते पाणी गुपचूप सामाईक कालव्यात सोडायचं नाही, शेजाऱ्यांना सांगायचं. ही शेवटची अट सर्वांत अवघड होती, कारण रोग लपवण्यातच तेव्हा शहाणपण मानलं जाई. आणि प्रत्येक तळ्याची एक वही: बीज कुठलं, खाद्य किती, काय टाकलं, कधी टाकलं.

अशा गटांचा माल आमच्याकडे आला तेव्हा पहिल्यांदाच क्रेटवरून थेट तळ्यापर्यंत पोचता आलं. एकेका छोट्या शेतकऱ्याला प्रयोगशाळा परवडत नाही, तंत्रज्ञ परवडत नाही. पन्नास जणांना मिळून परवडतो. दर्जा टिकाऊ होण्याचा मार्ग हाच होता, असं माझं ठाम मत आहे. 2007 मध्ये ‘एम्पेडा’ने याच कामासाठी ‘नॅक्सा’ ही संस्था काढली आणि गावोगावच्या सोसायट्यांची नोंदणी सुरू झाली.

पुढे 2009 मध्ये वनामी या परदेशी जातीच्या कोळंबीला परवानगी मिळाली. तोवरची टायगर कोळंबी छोटा शेतकरी विरळ सोडायचा; वनामीला चौरस मीटरला 60 पर्यंत बीज सोडण्याची मुभा होती. सोबत कुंपण, पक्ष्यांसाठी जाळी, साठवण तळं, सांडपाणी शुद्धीकरणाचं तळं, एरेटर अशा अटी आल्या. अटी योग्यच होत्या, पण एकरभर जागेत हे सगळं मांडायचं कुठे? मी पाहिलेल्या गावांत कित्येकांनी तळी भाडेपट्ट्याने देऊन टाकली. सोसायट्यांच्या पाट्या राहिल्या, बैठका थांबल्या. त्या बैठका मोडल्या, याचं दुःख मला टायगर गेल्यापेक्षा जास्त आहे. देशाची निर्यात मात्र वाढतच गेली, त्यामुळे मागे कोण राहिलं याची चौकशी करण्याची गरज कोणाला वाटली नाही.

तपासण्या कडक होतच आहेत. 2016 मध्ये युरोपने भारतीय कोळंबीच्या नमुना तपासणीचं प्रमाण 10 वरून 50 टक्क्यांवर नेलं. 2022 च्या अखेरीस नायट्रोफ्युरानच्या अंशांची मर्यादा निम्म्यावर आणली. खाणाऱ्याच्या दृष्टीने ते रास्तच आहे. पण काढणीपूर्व चाचणी, प्रमाणपत्र, लेखापरीक्षण यांचा भार तळ्यावर पडतो आणि भाव कारखान्याच्या फोनवर ठरतो.

पालघर-रायगडच्या खाजणांत आज कोळंबी करणाऱ्यांना प्रमाणपत्रांची नावं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी आधी सामाईक बीजखरेदी आणि कालव्याचं सामाईक वेळापत्रक ठरवून द्यावं. आणि निर्यातदाराने गटाशी लेखी करार करावा: तपासणीचा खर्च कोणाचा, निर्दोष मालाला किलोमागे जास्तीचे किती, आणि परदेशात शुल्क वाढलं तर तोटा कोणी किती सोसायचा. यातलं तिसरं कलम 2025 च्या ऑगस्टनंतर पहिलं यायला हवं.