अर्ज टाकला, पण पोचला काय?

प्रवेशपरीक्षेचा अर्ज मुदतीपूर्वी टपालात पडला, पण मुदत टळल्यावर कचेरीत पोचला, तर दोष कोणाचा? प्रश्न साधा दिसतो. पण त्यापायी होतकरू मुलाचे सबंध वर्ष वाया जाते. रामाकोन्याहून भोपाळ-दिल्लीस कागद पाठविणाऱ्या आपल्या कुटुंबांस हा अनुभव परका नाही. म्हणून कायदा काय म्हणतो, ते आम्ही येथे थोडक्यात सांगतो.

टाकणे म्हणजे पोचणे नव्हे, ही पहिली गोष्ट. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे स्वीकृतीचे पत्र टपालात पडताच प्रस्ताव करणारा बांधला जातो. पण प्रस्ताव समोरच्यास कळेपर्यंत पुरा होत नाही. अर्ज हा प्रस्तावाच्याच जातीचा.

मग टपालखाते कोणाचे प्रतिनिधी? प्रभाकर कंदिलामुळे घरोघर ठाऊक झालेल्या ओगले ग्लास वर्क्सचा प्राप्तिकराचा खटला १९५४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. कारखाना त्या काळी औंध संस्थानात होता, आणि सरकारने मालाच्या पैशांचे चेक दिल्लीहून टपालाने धाडले होते. घेणेकऱ्याच्याच सांगण्यावरून चेक टपालाने पाठविला असेल, तर टपालखाते त्याचे प्रतिनिधी ठरते व चेक टपालात पडताच पैसे त्यास पोचले, असा निर्णय झाला.

अर्ज टपालानेच पाठवा, असे संस्थेने सांगितले असल्यास विद्यार्थ्यांचे वकील याच तत्त्वाचा आधार घेतात. परंतु ‘अर्ज अमुक तारखेपर्यंत पोचलाच पाहिजे, टपालाच्या विलंबास आम्ही जबाबदार नाही’ असे जाहिरातीत स्पष्ट असेल, तर हा आधार लंगडा पडतो. एकास सवलत दिली, तर मुदत टळली म्हणून अर्जच न करणाऱ्या इतरांवर अन्याय होतो, ही त्यामागची दृष्टी. संघ लोकसेवा आयोग टपाली अर्जांच्या काळात ईशान्येकडील राज्ये, लडाख, अंदमान, लक्षद्वीप येथील उमेदवारांस काही दिवस अधिक देत असे. सातपुड्यातील आपल्या गावांस ती सवलत नव्हती.

टपालखात्याकडून भरपाई मिळेल, ही आशाही फारशी धरू नये. १८९८ च्या कायद्याने विलंबाच्या जबाबदारीतून खात्यास बव्हंशी मुक्त ठेवले होते. १८ जून २०२४ पासून अंमलात आलेल्या नव्या कायद्यातही तेच धोरण आहे.

आज बहुतेक अर्ज संगणकावरून भरले जातात, तरी काही ठिकाणी छापील प्रत व दाखले टपालानेच मागवितात. जुना ‘यू. पी. सी.’ दाखला २०११ साली बंद झाला, आणि २०२५ साली रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झाले. तेव्हा पालकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात: जाहिरातीत ‘पाठवावा’ आहे की ‘पोचावा’, हे नीट वाचावे, निदान दहा दिवस हाताशी ठेवून स्पीड पोस्ट करावे, पावती व अर्जाची नक्कल जपावी, पोच इंटरनेटवर तपासावी.

इतके करूनही अर्ज नाकारला गेला, तर लगेच लेखी तक्रार करून वकिलाचा सल्ला घ्यावा. राज्यघटनेच्या २२६ व्या कलमाखाली जबलपूरच्या उच्च न्यायालयाचे दार उघडे आहे. पण परीक्षा होऊन गेल्यावर तेथे दाद मिळणे फार अवघड होते. ज्याच्यापाशी पावती आणि हाताशी राखलेले दिवस आहेत, त्याचेच म्हणणे न्यायालयात उभे राहते. गावातील जाणत्यांनी एवढे प्रत्येक विद्यार्थ्यास वेळीच समजावून सांगितले, तर कोणाचे वर्ष फुकट जाणार नाही, असे आम्हांस वाटते.