शस्त्रकर्मोत्तर व्रणाची घरगुती उपासना

मेडिकल, मेयो किंवा मिहानमधील एम्स येथे शस्त्रक्रिया झालेला रुग्ण काही दिवसांतच घरी परततो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली वा छिंदवाड्याकडील रुग्णास पट्टीसाठी पुन्हा नागपुरास येणे परवडत नाही. मग तो गावच्या वैद्याकडे अथवा औषधी दुकानात येऊन विचारतो, "टाक्यांवर काय लावू?" या प्रश्नाचे उत्तर आपण नेमके दिले पाहिजे, कारण चुकीच्या उत्तराने भरत आलेला व्रण दुष्ट होऊ शकतो.

प्रथम व्रणाचा प्रकार पाहावा. टाके घालून बंद केलेला स्वच्छ छेद आणि भगंदर, अर्श वा विद्रधी यांच्या शस्त्रकर्मानंतर मुद्दाम उघडा ठेवलेला व्रण, या दोहोंची उपासना भिन्न आहे. जात्यादी तैलासारखे रोपण कल्प दुसऱ्या प्रकारात, तेही शस्त्रवैद्याच्या सल्ल्याने, विचारात घ्यावेत. बंद छेदावर तेल, मलम, हळद वा चूर्ण यांपैकी काहीही लावू नये.

यावर काही व्यवसायबंधू आक्षेप घेतील, की सुश्रुताचार्यांनी सीवनानंतर प्रियंगू, लोध्र, यष्टिमधु इत्यादींचे चूर्ण सांगितले आहे. ते खरे आहे. परंतु दुकानातील चूर्णे पोटात घेण्यासाठी बनविलेली असतात, निर्जंतुक नसतात. मातीचा अंश असलेल्या भुकटीतून, राखेतून वा शेणातून धनुर्वाताचे जंतू व्रणात जाऊ शकतात. दुकानदारांनी प्रतिजैविक भुकटीही आपणहून देऊ नये.

पट्टी केव्हा सोडावी? सुश्रुतसंहितेत ती तिसऱ्या दिवशी सोडावी, घाईने दुसऱ्याच दिवशी सोडल्यास व्रण उशिरा भरतो व तीव्र वेदना होतात, असा निर्देश आहे. आजचे शस्त्रशास्त्रही बंद छेदावरील पहिली पट्टी सामान्यतः ४८ तासांपर्यंत ठेवण्यास सांगते. त्यापूर्वी ती रक्ताने वा स्रावाने भिजली तर मात्र बदलावीच. पट्टी बदलण्याआधी हात साबणाने धुवावेत. व्रणावर निर्जंतुक गॉज ठेवावा, सुटा कापूस ठेवू नये. त्याचे तंतू व्रणात अडकतात. स्पिरिट वा हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतल्याने नवजात धातूंची हानी होते.

रुग्णालयाने मनाई केली नसल्यास ४८ तासांनंतर वाहत्या पाण्याने स्नान चालते. नंतर छेद स्वच्छ कापडाने टिपून कोरडा करावा, चोळू नये. टबात, तळ्यात वा नदीत उतरणे टाळावे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. घामाने भिजलेली पट्टी तशीच ठेवू नये. ग्रीष्म व शरद ऋतूंत पैत्तिक व्रणाचा बंध दिवसातून दोनदा बदलावा, या संहितावचनामागील ऋतुविचार येथे लक्षात यावा. बंध गाढ, सम की शिथिल, हे स्थानानुसार ठरते. बोटे थंड वा निळसर पडल्यास तो तात्काळ सैल करावा.

टाके सामान्यतः चेहऱ्यावरील ५, पोटावरील ७ ते १० आणि सांध्यांजवळील १० ते १४ दिवसांनी काढतात. रुग्णालयाचा कागद पाहिल्याविना ते काढू नयेत.

पसरणारी लाली, पू, दुर्गंध, वाढती वेदना, ताप वा टाक्यांची फट दिसल्यास लेप सुचविण्यात वेळ न दवडता रुग्णास शस्त्रवैद्याकडे पाठवावे. असा संसर्ग शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांपर्यंत, आणि कृत्रिम सांधा वा सळई बसविली असल्यास ९० दिवसांपर्यंतही प्रकट होऊ शकतो. मधुमेही रुग्णाविषयी अधिक सावध राहावे.

आहार, निद्रा, स्वच्छ शय्या व मनःस्वास्थ्य यांचा व्रणितोपासनीय अध्यायात सांगितलेला विचार हे आपले खरे क्षेत्र होय. तेथे आपण रुग्णास भरपूर देऊ शकतो. टाक्यांवर मात्र काही न लावण्याचा सल्ला देणे, हीच त्याची सेवा आहे.