कॉलेजातली ख्रिस्ती सेवा: नागपूरचा वारसा

घरापासून दूर राहणाऱ्या, परीक्षेच्या ताणाखाली असलेल्या मुलामुलींना सोबत देणं, त्यांच्याबरोबर बायबल वाचणं, प्रार्थना करणं आणि त्यांची नजर स्वतःपलीकडच्या माणसांकडे वळवणं, ही कॉलेजातली ख्रिस्ती सेवा. नागपुरात या वारशाची सुरुवात स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्यापासून होते. १८४० च्या दशकात ते इथे आले, मराठी शिकले. त्यांनी शाळा काढली, गोंडांची गाणी आणि चालीरीती टिपून ठेवल्या. ४ सप्टेंबर १८६३ रोजी नागपूरजवळच्या टाकळघाटहून परतताना ते पुरात बुडाले. १८८३ मध्ये त्यांच्या नावाचं हिस्लॉप कॉलेज सुरू झालं. आजच्या विद्यार्थी गटांनीही लोकांची भाषा आधी शिकावी, त्यांचं ऐकावं. सेवा तिथूनच सुरू होते.