गुडघ्यावर की अधांतरी?

स्कूबा प्रशिक्षणाचं एक दृश्य जगभर दिसतं. पाच-सहा विद्यार्थी तळावर गुडघे टेकून ओळीने बसलेले असतात आणि प्रशिक्षक एकेकाकडून मास्कमध्ये शिरलेलं पाणी बाहेर काढण्याचा सराव करून घेत असतो. सगळे नजरेसमोर राहतात, म्हणून ही पद्धत सोयीची. पण समुद्रात कोणी गुडघ्यावर बसून राहत नाही. तिथे ना बुडायचं असतं, ना वर तरंगायचं; मध्येच अधांतरी राहायचं असतं. म्हणून प्रशिक्षणाचा दर्जा दिवसांच्या संख्येवरून किंवा प्रमाणपत्राच्या कार्डावरच्या नावावरून ठरवू नये. शिकलेली प्रत्येक गोष्ट विद्यार्थ्याला अधांतरी राहून करता येते का, हे पाहावं.

याचं कारण पाण्याच्या दाबात आहे. समुद्रात दहा मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. तरंगण्यासाठी घातलेल्या जॅकेटमधली हवा आकसून निम्मी होते आणि माणूस आणखी खाली ओढला जातो. वर येताना तीच हवा फुगते. अशा वेळी श्वास रोखून धरला तर फुप्फुसांना गंभीर इजा होऊ शकते. गुडघ्यावर स्थिर बसता यावं म्हणून विद्यार्थ्याच्या कमरेला अनेकदा गरजेपेक्षा जास्त शिसं बांधतात. त्या वजनाची भरपाई करायला जॅकेटमध्ये जास्त हवा भरावी लागते, आणि जितकी हवा जास्त तितका खोलीबरोबर तोल अधिक बिघडतो. मग पाय सतत मारावे लागतात, दम लागतो, टाकी लवकर रिकामी होते. ‘डायव्हर्स अलर्ट नेटवर्क’ या संस्थेच्या संशोधकांनी 1992 ते 2003 या काळातले डायव्हिंगमधले 947 मृत्यू अभ्यासले. सुरुवातीचं कारण ओळखता आलेल्या प्रकरणांपैकी 41 टक्क्यांत हवा संपणं हे ते कारण होतं. या आकड्यावरून गुडघ्यावरच्या शिकवणीला दोषी ठरवता येणार नाही. पण श्वास आणि तोल सांभाळण्याची सवय किती मोलाची, हे त्यातून नक्की कळतं.

शिकवणीच्या परंपरा आपापल्या गरजेतून घडल्या. ब्रिटनमध्ये 1953 साली स्थापन झालेल्या ‘ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लब’ने स्वयंसेवी प्रशिक्षकांकडून, क्लबमध्ये सवडीने शिकवण्याची रीत रुजवली. अमेरिकेत 1966 साली सुरू झालेल्या ‘पॅडी’ या प्रशिक्षण संस्थेने अभ्यासक्रमाचे छोटे टप्पे पाडले आणि सुट्टीवर आलेल्या सामान्य माणसालाही समुद्र खुला केला. फ्लोरिडातल्या पाण्याखालच्या गुहांमध्ये गाळ उसळला की हात दिसेनासा होतो. तिथल्या अनुभवातून 1998 साली उभ्या राहिलेल्या ‘ग्लोबल अंडरवॉटर एक्सप्लोरर्स’ने आडवं, स्थिर शरीर हाच शिक्षणाचा पाया मानला. पुढे ‘पॅडी’नेही 2014च्या सुधारित अभ्यासक्रमात तोल सांभाळण्यावर अधिक भर दिला. म्हणजे एका परंपरेला गुहेत पटलेली गोष्ट मोकळ्या समुद्रातल्या दुसरीलाही पटली.

यावर एक आक्षेप रास्त आहे: घाबरलेल्या नवशिक्याला पायाखाली जमीन लागते. ती जरूर द्यावी, उथळ पाण्यात, पहिला श्वास सरावेपर्यंत. पण ती पहिली पायरी असावी, परीक्षेची जागा नव्हे. दुसरा आक्षेप असा, की अटी कडक केल्या तर खर्च वाढेल आणि हौशी माणूस दूर जाईल. इथे मागणी जास्त तासांची नाही. कोणी तीन दिवसांत तयार होईल, कोणाला सहा लागतील. घड्याळ दोघांना एकच लावणं हाच खरा अन्याय आहे. मालवण-तारकर्लीला प्रशिक्षकाच्या आधाराने काही मिनिटं मासे पाहून येणं वेगळं. तिथे तोल प्रशिक्षक सांभाळतो. कार्ड मिळवणारा मात्र उद्या जोडीदारासोबत 18 मीटरपर्यंत स्वतःच्या जबाबदारीवर उतरणार असतो. म्हणून पैसे भरण्याआधी प्रशिक्षकाला एवढंच विचारावं: शेवटच्या दिवशी माझा मास्क मी तळाला न टेकता काढून पुन्हा घालू शकेन का, आणि ते जमलं नाही तर तुम्ही मला थांबवाल का? दुसऱ्या प्रश्नाला जो प्रशिक्षक ठामपणे ‘हो’ म्हणेल, त्याच्याकडे शिकावं.