कुंभकोणमहून निलगिरीकडे : सहलीचे नियोजन आणि डोंगराची मर्यादा

दक्षिण भारताच्या सहलीस निघालेली अनेक मराठी कुटुंबे तंजावर आणि कुंभकोणम येथील मंदिरे पाहून पुढे उटी किंवा कोडाईकनालची वाट धरतात. तंजावर येथे १८५५ पर्यंत भोसले घराण्याची गादी होती. त्यामुळे या प्रदेशाविषयी मराठी मनाला जिव्हाळा आहे. समुद्रसपाटीपासून जेमतेम २५ मीटर उंचीवरील कुंभकोणमच्या उकाड्यातून दोन हजार मीटरहून अधिक उंचीवरच्या गारव्यात जाणे सुखद असते. मात्र या प्रवासाची आखणी आता पूर्वीप्रमाणे केवळ निवासाच्या आरक्षणापासून सुरू करून चालत नाही.

वाहनांना ई-पास

उन्हाळ्याच्या हंगामात निलगिरी जिल्ह्यात दररोज सुमारे २० हजार वाहने येत असल्याची बाब मद्रास उच्च न्यायालयासमोर आली होती. अरुंद घाटरस्ते आणि वन्यजीवांचा अधिवास यांवर पडणारा हा भार लक्षात घेऊन न्यायालयाच्या आदेशानुसार ७ मे २०२४ पासून उटी व कोडाईकनाल येथे जाणाऱ्या पर्यटक वाहनांना ई-पास अनिवार्य करण्यात आला. २०२५ मध्ये एप्रिल ते जून या काळासाठी वाहनांची संख्याही ठरवून देण्यात आली. निलगिरीसाठी ही मर्यादा आठवड्याच्या इतर दिवशी ६ हजार आणि शनिवार-रविवारी ८ हजार, तर कोडाईकनालसाठी अनुक्रमे ४ हजार व ६ हजार अशी होती. स्थानिक रहिवाशांची वाहने, सरकारी बस आणि रेल्वे यांना या मर्यादेतून वगळण्यात आले होते.

हंगामानुसार या नियमांत बदल होत असल्याने प्रवासाची तारीख ठरवण्यापूर्वी तामिळनाडू शासनाच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्यावी. शनिवार-रविवार टाळून मधल्या दिवसांत जाणे सर्वच दृष्टींनी हिताचे ठरते. निलगिरीत एकदाच वापरावयाच्या प्लास्टिकच्या बाटल्यांना बंदी आहे, त्यामुळे पाण्यासाठी धातूची बाटली जवळ असावी.

रेल्वेचा पर्याय

खासगी वाहन टाळू इच्छिणाऱ्यांना रेल्वेचा मार्ग उपलब्ध आहे. मयिलादुतुरै ते कोईमतूर ही जनशताब्दी एक्स्प्रेस कुंभकोणम येथे थांबते आणि रात्री कोईमतूरला पोहोचते. तेथून जवळच असलेल्या मेट्टुपालयम येथून सकाळी निलगिरी पर्वतीय रेल्वे सुटते. ४६ किलोमीटरच्या या मार्गाचा कुन्नूरपर्यंतचा भाग १८९९ मध्ये सुरू झाला आणि १९०८ मध्ये गाडी उटीपर्यंत पोहोचली. चढ इतका तीव्र आहे की रुळांच्या मधोमध बसविलेल्या दातेरी पट्टीत इंजिनाचे दातेरी चाक अडकवून गाडी वर चढते. माथेरानच्या छोट्या गाडीची आठवण करून देणाऱ्या या रेल्वेला २००५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. वर चढण्यास सुमारे पाच तास लागतात. आसने मोजकी असल्याने आरक्षण बरेच आधी करणे आवश्यक ठरते.

हंगामाची निवड

एप्रिल आणि मे हे सर्वाधिक गर्दीचे महिने होत. उटीच्या शासकीय वनस्पती उद्यानातील पुष्पप्रदर्शनही मे महिन्यात भरते. महाराष्ट्रातील पर्यटकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. आपल्याकडे पाऊस ओसरून दिवाळीची सुटी लागते, त्याच सुमारास तामिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात दरडी कोसळून घाटरस्ते आणि पर्वतीय रेल्वे अनेकदा बंद ठेवावी लागते. नोव्हेंबर २००९ मधील अतिवृष्टीत निलगिरीत ४० हून अधिक व्यक्तींना प्राण गमवावे लागले होते. म्हणून दिवाळीच्या सुटीत निघताना हवामान विभागाचा इशारा पाहावा आणि कार्यक्रमात एखादा दिवस मोकळा ठेवावा.

डोंगर आणि नदी

या निर्बंधांमागील कारण कुंभकोणमच्या नदीकाठी अधिक स्पष्ट होते. मे महिन्यात येथील कावेरीच्या पात्रात बहुधा वाळूच दिसते. या नदीला येणारे पाणी केवळ कोडगूचे नसते. निलगिरीतून वाहणारी मोयार नदी भवानीला आणि भवानी पुढे कावेरीला मिळते. कोडाईकनाल ज्या पळणी डोंगररांगेत वसले आहे, तेथील काही पाणी अमरावतीमार्गे करूरजवळ कावेरीत येते. डोंगरमाथ्यावरील गवताळ माळ आणि शोला नावाची दाट वने पावसाचे पाणी धरून ठेवतात व ते सावकाश खाली सोडतात. बांधकामे, रस्ते आणि कचरा यांमुळे ही क्षमता घटली, तर त्याची झळ त्रिभुज प्रदेशातील भातशेतीला बसते. कृष्णेचा उगम असलेल्या महाबळेश्वरचा परिसर २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला, त्यामागेही असाच विचार होता.

गर्दीला मर्यादा नसली की काय घडते, हे कुंभकोणमने अनुभवले आहे. दर बारा वर्षांनी येथे महामहम पर्व भरते. फेब्रुवारी १९९२ मध्ये महामहम तलावावर झालेल्या चेंगराचेंगरीत सुमारे ५० भाविकांचा मृत्यू झाला. अशी दुर्घटना क्षणात घडते आणि सर्वांना दिसते. डोंगराची हानी मात्र वर्षानुवर्षे नकळत होत राहते. पुढील महामहम २०२८ मध्ये आहे. त्या निमित्ताने कुंभकोणमला येऊन पुढे निलगिरीकडे जाऊ इच्छिणाऱ्यांनी दोन्ही ठिकाणांची मर्यादा ओळखून आखणी केल्यास त्यांचा प्रवास सुकर होईल. ज्या पाण्यात स्नान करायचे, त्याचे उगमस्थानही त्यामुळे सुरक्षित राहील.